काटा उतरला, ताप नाही

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बोटवाले होते, त्यांच्या बायका होत्या, बर्फाच्या कारखान्यातले कामगार हातातलं काम टाकून आले होते आणि तिकिटांचा कारकून चक्क खिडकी बंद करून पहिल्या रांगेत घुसला होता. सगळ्यांचं लक्ष दाढीवाल्या काकांच्या बोटीवर. तिचं इंजिन तापलं होतं. सुकाणूशेजारच्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला होता, धोक्याचा भोंगा केकाटत होता, आणि इंजिनाच्या पेटीवर निळी शाल पसरून, तिच्याखाली दोन्ही हात घालून शीतलबाबा डोळे मिटून बसले होते.

"इंजिनाकडे कुणी बघायचं नाही," बाबा म्हणाले. "इथे माझी आणि अग्नीची झटापट चालली आहे. ती तुमच्या डोळ्यांना सोसायची नाही. तुम्ही काट्याकडे बघा. अग्नी हरला की काटा सांगेल."

झालं. सगळी गर्दी एका बोटभर काट्याकडे वळली. ज्यांना दिसत नव्हतं त्यांना पुढचे सांगत होते, 'अजून लालच आहे, अजून लालच आहे.' आणि मग भोंगा मधेच गप्प झाला, काटा लाल पट्ट्यातून सुटला आणि थेट तळाला येऊन टेकला. "उतरला, उतरला," असा ओरडा मागपर्यंत गेला. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. दाढीवाले काका, एरवी कुणाच्या बापाला न भिणारा माणूस, ते बाबांच्या पायांवर आडवे झाले.

सिस्टर दवाखान्यातून घरी चालली होती, ती या गर्दीत अडकली. बंदरावरच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि सगळं बंदर तिला सिस्टरच म्हणायचं; चारचौघांत नवरासुद्धा. तापाशी तिची रोजची गाठ. ताप गोळीने उतरो नाहीतर घाम येऊन, उतरतो तो सावकाश, रेंगाळत, कधी कधी परत चढत. हा काटा मात्र विहिरीत दगड पडावा तसा खाली आला होता. असा उतरलेला ताप तिने जन्मात पाहिला नव्हता.

हे ती मोठ्याने बोलली असती. पण पहिल्या रांगेत, कारकुनाच्या शेजारी, तिच्या सासूबाई गाल ओले करून उभ्या होत्या. तिने तोंड मिटून घेतलं.

त्या वर्षी बंदरात इंजिनं तापत होती हे खरं. वरच्या अंगाला नदीचा गाळ काढायचं काम निघालं होतं आणि तो सगळा गाळ, कुजका पाला, प्लास्टिकच्या पिशव्या वाहत खाली येत होत्या. बोटीचं इंजिन थंड राहतं ते बाहेरच्या पाण्यावर. बोटीच्या तळाच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं, गाळणीतून जातं, पंपातला रबरी पंखा ते पुढे ढकलतो, आणि इंजिनाची उष्णता घेऊन ते मागून धुराबरोबर बाहेर पडतं. गाळणी तुंबली, पंख्याची पाती झिजली किंवा तळाच्या भोकावर पिशवी चिकटली की पाणी थांबतं आणि इंजिन तापतं. यात गूढ काही नाही. रोज सकाळी गाळणी साफ करायची, हंगामाच्या सुरुवातीला पंखा बदलायचा आणि इंजिन सुरू केलं की मागे वाकून पाण्याची पिचकारी उडते की नाही ते बघायचं. बोटवाल्यांना हे दात घासण्याइतकं ठाऊक. पण दात घासायचासुद्धा कंटाळा येतोच माणसाला.

अशा वेळी शीतलबाबा उगवले. कुठून आले ते कुणी विचारलं नाही. सुरुवातीला ते काही विशेष करत नसत. तापलेल्या बोटीवर जायचं, इंजिन बंद करायला लावायचं, सगळ्यांना खाली बसवायचं आणि लांबलचक मंत्र म्हणायचा. मंत्र संपला की म्हणायचे, "कर सुरू." इंजिन सुरू व्हायचं, थंडगार. लोक चाट पडायचे. पुढे पुढे बाबांची भीड चेपली आणि शालीचा प्रयोग आला, काटा डोळ्यांदेखत उतरू लागला.

प्रयोग झाला की बाबा इंजिनाची पेटी निळ्या दोऱ्याने बांधायचे, गाठीवर लाख ओतायचे आणि बजावायचे, "महिनाभर पेटी उघडायची नाही. मागे वाकून पाणी बघायचं नाही. बघणं म्हणजे संशय, आणि संशय आला की अग्नी परत आलाच म्हणून समजा." म्हणजे जे काम रोज करायला हवं, नेमकं तेच पाप ठरलं. लोकांना ते फार सोयीचं वाटलं.

सिस्टरच्या नवऱ्याची बोट पाहुण्यांना घेऊन चार-चार दिवसांच्या सफरीवर जायची. गेल्या हंगामात त्याने पंखा बदलायचा 'आज करू, उद्या करू' म्हणून लांबवला आणि भर सफरीत इंजिन बंद पडलं. दुसऱ्या बोटीला दोर बांधून, पाहुण्यांसकट, सगळ्या बंदरासमोर ओढत आणलं त्यांना. लोक हसले. काही तोंडावर हसले. तेव्हापासून तो इंजिनापाशी गेला की त्याचा चेहरा पडायचा.

सासूबाईंनी बाबांना बोटीवर आणून पेटीला दोरा बांधून घेतला तेव्हा बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "तुझी काही चूक नव्हती बाळा. इंजिनाला दृष्ट लागली होती." बस, एवढंच. त्या रात्री तो कितीतरी महिन्यांनी गाढ झोपला. सिस्टर त्याच्याकडे बघत बराच वेळ जागी होती. दोरा, लाख, शाल, सगळा बाष्कळपणा तिला दिसत होता. पण ती झोप तिला मोलाची होती, आणि तिने ती मोडली नाही.

मग एक दिवस दाढीवाल्या काकांना दवाखान्यात आणलं. दोन्ही हात कोपरापर्यंत आणि छातीचा वरचा भाग उकळत्या पाण्याने भाजला होता. दाढी एका बाजूने गळून आली होती. डॉक्टरांनी सुई दिली, औषध सांगितलं आणि मलमपट्टीला सिस्टर बसली.

"माझंच चुकलं सिस्टर," काका विव्हळत म्हणाले. "जळका वास आला म्हणून मी दोरा तोडला. पेटी उघडली. महिना झाला नव्हता. बाबांचा कोप झाला."

"वास आल्यावर काय केलंत?"

"इंजिनावरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण फिरवलं. म्हटलं आत पाणी आहे का बघावं. तर सगळं अंगावर आलं."

"अहो काका, तापल्या इंजिनाचं झाकण उघडू नये हे तुम्हीच पोरांना शिकवता की. उघडलंत कसं?"

"तापलं कुठे होतं? काटा तळाला होता. एकदम थंड. भोंगासुद्धा वाजला नाही."

सिस्टरच्या हातातली पट्टी तशीच राहिली. "काटा थंड होता?"

"देवाशप्पथ."

"मग ही वाफ कुठून आली, काका?"

भाजलेल्या माणसाला जास्त छळू नये म्हणून तिने पुढे विचारलं नाही. पण त्या क्षणी तिला राग आला, खरा राग. इतके दिवस ती याला बाष्कळपणा म्हणत होती. बाष्कळपणाने माणसाची कातडी सोलून निघत नाही.

काम संपल्यावर ती घरी न जाता काकांच्या बायकोला, काकूंना, घेऊन त्यांच्या बोटीवर गेली. पेटी उघडीच होती. लग्न झालं तेव्हा पहिली दोन वर्षं ती बोटीवरच राहिली होती आणि कुठला नट कुठे बसतो ते नवऱ्याने तिला हौसेने शिकवलं होतं. इंजिनाच्या डोक्यापाशी पितळेचा एक छोटा सेन्सर असतो. इंजिन किती तापलं ते तो तारेवाटे मीटरला कळवतो. ती तार सेन्सरवरून काढलेली होती आणि नीट दुमडून नळीच्या मागे खोचलेली होती. शेजारची भोंग्याची तारही तशीच. तारा काही आपोआप दुमडून बसत नाहीत. तिने ते काकूंना दाखवलं.

घरी आल्या आल्या तिने नवऱ्याला सांगितलं. सकाळी सफर निघायची होती. पाहुणे येऊन उतरले होते, आणि सुट्टीला आलेली या दोघांची लेक मदतीला बरोबर जाणार होती. बाहेर पडलं की लगेच खडकांची रांग लागते; पाण्याला तिथे अशी ओढ असते की इंजिन बंद पडलं तर नांगर टाकायलाही उसंत मिळत नाही.

"आपली पेटी उघडा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"काटा थंड दाखवतोय. आठवडाभर लहान फेऱ्या मारल्या, एकदा तरी वर गेला का?"

"वर गेला नाही हीच तर भीती आहे. सकाळी निघताना थंड, चार तास चालवून थंड. जिवंत माणसाचा पारा तरी असा ढिम्म राहतो का?"

"तू नर्स आहेस, मेकॅनिक नाहीस."

"तुम्ही आहात ना मेकॅनिक? मग उघडा."

दारात सासूबाई उभ्या होत्या. "दोऱ्याला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "दाढीवाल्याचं काय झालं ते बघून आलीस ना? माझ्या मुलाचं तसं करायचंय तुला?"

"तसं होऊ नये म्हणूनच सांगतेय, आई."

"बाबा उद्या निरोप द्यायला येणार आहेत. जे बोलायचं ते त्यांच्यासमोर बोल."

"बोलेन की," सिस्टर म्हणाली. "पण एक आत्ताच सांगते. दोरा बांधलेल्या बोटीतून माझी लेक जाणार नाही. पाहुणेही जाणार नाहीत. मी धक्क्यावर आडवी पडेन, मग काय हसायचं ते हसू दे बंदराला."

सकाळी बाबा आले. मागे शाल घेतलेला चेला, त्याच्या मागे निम्मं बंदर. सिस्टर दाढीवाल्यांच्या बोटीवर त्यांची वाट बघत होती. ती बोट तिच्याच बोटीला लागून उभी होती. इंजिन बंद, मीटरची किल्ली चालू, पेटी उघडी. स्टोव्हवर चहाची किटली उकळत होती. हातांना पट्ट्या बांधलेले काका खुर्चीवर बसले होते. डॉक्टरांनी घरी पडून राहा सांगितलं होतं, पण ते ऐकणाऱ्यांतले नव्हते.

"चहा पाजतेस का बाबांना?" कारकुनाने विचारलं, आणि लोक हसले.

"नाही. बाबांचा चमत्कार मी करून दाखवतेय. पुढे या, जवळून बघा."

तिने नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून एक जादा सेन्सर आणला होता. खोचलेली तार सोडवून तिने ती त्याला जोडली. त्याच्या अंगाला दुसरी तार बांधून तिचं टोक इंजिनाला लावायचं होतं, पण ते सारखं निसटत होतं. दोनदा निसटलं. लोक कुजबुजायला लागले. तेवढ्यात तिचा नवरा आपल्या बोटीवरून इकडे आला, खाली बसला आणि त्याने ते टोक इंजिनावर घट्ट दाबून धरलं. सिस्टरने सेन्सर उकळत्या किटलीत सोडला.

मीटरचा काटा हलला. चढत चढत लाल पट्ट्यात जाऊन बसला.

"बघितलंत? इंजिन बंद आहे. किटली तापलीय, आणि काटा किटलीचा ताप सांगतोय." तिने स्टोव्ह बंद केला, किटलीवर एक फडका टाकला, फडक्याखाली हात घातले आणि डोळे मिटले. "आता किटलीकडे कुणी बघायचं नाही. माझी आणि अग्नीची झटापट चालली आहे. काट्याकडे बघा."

सगळ्यांनी काट्याकडे बघितलं. सवयच लागली होती. काटा थेट तळाला आला.

सिस्टरने फडका उचलला. तिच्या चिमटीत सुटलेली तार होती. "ही तार ओढली. झाला चमत्कार. इंजिन तसंच तापलेलं, फक्त सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं. थर्मामीटर खिडकीतून फेकून दिला म्हणून रोग्याचा ताप जात नाही. काकांच्या पेटीत ही तार अशीच दुमडून ठेवलेली मिळाली. काकूंना विचारा."

काकूंनी मान हलवली. गर्दी बाबांकडे वळली. पण बाबा मुरलेले होते. ते मंद हसले.

"मुली, तू माझी नक्कल केलीस. नक्कल करायला तार लागते. मला लागत नाही. तुझ्या किटलीतलं पाणी मी इथे पाऊल ठेवताच निवलं आहे. ती वाफ नुसता भास आहे."

"जय शीतलबाबा," चेला म्हणाला. दोघा-चौघांनी त्याला साथ दिली.

सासूबाई पुढे आल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "मग बाबा, घाला ना किटलीत हात. माझ्या सुनेचं तोंड एकदाचं बंद होऊ दे."

"साधूची परीक्षा घेऊ नये, माई."

"परीक्षा कसली? तुमचा शब्द आहे, मला पुरे. तुम्ही नका घालू, मी घालते. सगळ्यांना कळू दे." आणि त्या खरोखरच वाकल्या. बांगड्या मागे सारल्या आणि हात किटलीकडे नेला, अगदी शांतपणे, देवघरात फुलं उचलायला न्यावा तसा.

सिस्टरने आधी बाबांकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, आता तरी तो माणूस बोलेल. बाबा किटलीकडे बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं, आणि ते काही बोलले नाहीत.

तिने झडप घालून सासूबाईंचं मनगट धरलं. वाफ लागून बोटांची टोकं तेवढी लाल झाली. सासूबाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं, मग मान वर करून बाबांकडे.

"तुम्ही मला थांबवलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"श्रद्धेत कमी पडलीस, माई. म्हणून चटका..."

"तुम्हाला ठाऊक होतं पाणी कढत आहे. मी हात घालत होते. तुम्ही मला थांबवलं नाहीत." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच बाबा एक पाऊल मागे सरले. सासूबाई वळल्या, मुलाच्या बोटीवर चढल्या आणि इंजिनाच्या पेटीवरचा निळा दोरा दोन्ही हातांनी ओढून तोडला. "उघड रे," त्या मुलाला म्हणाल्या.

त्याने उघडली. दोन्ही तारा काढून दुमडलेल्या, इथेही. गाळणीत बोटभर गाळ आणि पिशवीचा लगदा. पंपाचं झाकण काढून त्याने रबरी पंखा बाहेर काढला. पात्यांपैकी दोनच शाबूत होती, बाकीची तुटून आत कुठेतरी अडकली होती. तो पंखा त्याने लेकीच्या हातावर ठेवला. ती आणि पाहुणे आणखी तासाभरात खडकांपाशी असते.

"गेल्या वर्षीही हेच झालं होतं," तो लोकांकडे वळून म्हणाला. "दृष्ट नव्हती. पंखा होता, आणि तो बदलायला मी आळस केला. बाबांच्या पहिल्या चमत्कारांचंही ऐका. इंजिन बंद केलं की पाण्याची ओढ थांबते आणि तळाला चिकटलेली पिशवी गळून पडते. मंत्र म्हणेपर्यंत इंजिन आपसूक निवतं. बाबा नुसते वेळ काढत होते."

चेल्याने शाल काखेत मारली होती. बाबा गर्दीतून वाट काढू लागले. कारकून त्यांच्या आडवा आला, बर्फवाले कामगार आले, आणि काकांच्या पट्ट्यांकडे बोट दाखवून कुणीतरी पोलिसांना बोलवा म्हणालं. पोलीस आले तेव्हाही बाबा शापच देत होते. तरी दोघं-तिघं त्यांना नमस्कार करून आलेच. सगळ्यांचे डोळे एकाच दिवशी उघडतात असं काही होत नाही.

सफर पुढे ढकलली गेली. पाहुण्यांनी कुरकुर केली, त्यांना पंखा दाखवला, मग केली नाही. लोक अजून रेंगाळत होते. तेव्हा कारकुनाने जरा ओशाळून विचारलं, "पण सिस्टर, आमच्यासारख्यांना कसं कळायचं? उद्या दुसरा कुणी येईल, दुसरं काही घेऊन. सगळ्यांनाच काही तारा आणि पंखे कळत नाहीत."

"मलाही सगळं कळत नाही," सिस्टर म्हणाली. "कळायला हवं असंही नाही. त्याला म्हणा, झाकण उघडं ठेव, कापड काढ, आणि जे करायचं ते आमच्या डोळ्यांसमोर कर. प्रश्न विचारला की चिडतो का बघा. तुमची चूक काहीच नाही असं कुणी गोड बोलून सांगितलं, तर आधी सावध व्हा. चूक आपली असली तर ती आपल्याला सुधारता येते. दृष्ट लागली म्हटलं की आपण नुसते हात जोडून बसतो, आणि इंजिन आत जळत राहतं. मी कुणाचा देव काढून घ्यायला आलेले नाही. पण जो तुम्हाला बघू नका म्हणतो, त्याच्या हातात आपली माणसं द्यायची नाहीत. मग तो कुणीही असो."

सासूबाई बोटांना मलम लावून घेत बाजूला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि मी परत कुणाला घेऊन आले, तर मलाही आत येऊ देऊ नकोस."

"तुम्हाला येऊ देईन, आई," सिस्टर म्हणाली. "त्याला नाही."